दर्याला दिलेला हात

दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऑपरेशननंतरच्या तपासणीला माझ्याबरोबर भाईंदरच्या कोळीवाड्यातली एक बाई असायची. कॅन्सर एकच, बाजूही तीच. दोघींचं डावं स्तन काढलेलं, काखेतल्या गाठीही. ती मासळी विकायची. मी हाटकेशला राहायचे आणि ऑफिसात फायली सांभाळायचे.

मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. काखेतल्या गाठी गेल्या की त्या बाजूच्या हातातलं पाणी तुंबतं, हात सुजतो, साधी जखमही चिघळते. आवळणारं काही घालायचं नाही. मी बांगड्या उजव्या हातात घातल्या. विषय संपला.

तिला सिस्टरनं दारातूनच सांगितलं, "ए मौशी, चुडी निकालो. दूसरे हाथ में डालो."

"त्या हातात न्हाय चालत. तो दर्याला दिलाय."

लग्नात कोळणींनी उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला द्यायच्या, होडीवर गेलेला नवरा सुखरूप परतावा म्हणून. मग काच फक्त डाव्या हातात. सिस्टर हसली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही माणसं ऐकत नाहीत हो. काटक असतात पण." मीही हसले.

दर खेपेला तिचा हात जास्त जाड दिसायचा. एकदा मी डॉक्टरांना तसं म्हटलं. "टोपल्या उचलणारे हात ते, असेच असायचे." टेप लावून मोजला तो माझाच हात.

पुढे तिच्या त्याच हाताला माशाचा काटा लागला. बांगड्यांखाली हात चिघळला, ताप चढला, शेवटी वॉर्डात बांगड्या कापून काढल्या. मी भेटायला गेले तेव्हा मला समजावलेलं सगळं तिला सांगितलं.

"मना कोनी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "कारन कललं असतं तर काढल्या असत्या. दर्याला मी समजावलं असतं." मग माझ्याकडे बघत राहिली. "तुला कवापासून ठावं?"

"पहिल्यापासून."

"मंग वरीसभर बाजूला बसून काय करत व्हतीस गो?"

डॉक्टरांनी तिला सांगितलं असेल असं वाटलं, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. मला वाटलं होतं, तिला सांगून काय उपयोग.

सूज उतरली नाही. तिला टोपली उचलवत नाही. मासळीवर आता सून बसते. तिच्या फाइलवर लिहिलंय, 'पेशंट सूचना पाळत नाही'. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं नाही.