मावशींची चप्पल

इंटर्नशिपमध्ये माझी नेमणूक अर्नाळ्याजवळच्या दवाखान्यात होती. मासळी सुकवणाऱ्या एका मावशींच्या तळपायाला मधुमेहामुळे न भरणारी जखम होती. अनवाणी फिरू नका, असं मी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा त्या जखमेत वाळू घेऊन आल्या, तेव्हा मी भडकले आणि केसपेपरवर लिहिलं, 'सांगूनही ऐकत नाही.'

ड्रेसिंग करताना चिडूनच विचारलं, "चप्पल चावते का?"

"नाय गो बाय. मासली सुकते तिथं चप्पल घालून कशी जाऊ? लक्ष्मी हाय ती."

विरारला आमच्या देवघरात मीही अनवाणीच जाते. हळूच म्हटलं, "नवी जोडी फक्त तिथल्यापुरती ठेवली, तर चालेल?"

"चालंल की," मावशी हसल्या. "पन तू आधी कुठं इचारलंस?"