पीटरची गाठ

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही किरटं आहे, माफ करा. माझी शाळा चौथीपर्यंतच. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी भांडी घासायला उठायचे... आणि आता मीच लिहायला बसले आहे.

माझी मुलगी वैशाली केंब्रिजला नर्स आहे. समजायला, शिकायला जड जातं अशी तीन-चार मोठी माणसं एका घरात राहतात, त्यांना ती सांभाळते. त्यातला पीटर बोलत नसे. वैशालीनं त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवलं, त्यात अख्खा हिवाळा गेला. मग कुणी जाऊ नये असं वाटलं की तो त्या माणसाचे दोन्ही बूट एकमेकांना बांधून ठेवायचा. दुहेरी गाठ, टोकं बुटात खोचलेली. वैशाली हसायची, "आई, आज माझी सुट्टी कॅन्सल."

दोन हजार नऊच्या थंडीत पीटर गेला. त्याच्या पोटात दुखत होतं, पण सांगणार कसा... नुसता जेवेना. सगळ्यांना वाटलं, रुसलाय. वैशालीनं मनाला फार लावून घेतलं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असूनही नोकरी सोडायचं ठरवलं. मी अडवलं नाही.

तेव्हा मी तिच्याकडेच राहायला गेले होते. तिच्या कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी त्या घरी शिरा घेऊन गेले. सगळ्यांचा निरोप घेऊन आम्ही दाराशी आलो — तर वैशालीचे बूट एकमेकांना बांधलेले. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. त्या घरात आता नाडी बांधता येणारं कुणी नव्हतं. ड्यूटीवरची बाई सारा वेळ आमच्यासोबतच होती.

वैशाली खाली बसून सोडवायला लागली, गाठ सुटेना. तेवढ्यात तिची नजर आत टेबलाकडे गेली. तिथंच राहणाऱ्या लिंडासमोर शिरा तसाच होता.

"रुसली असेल," ती बाई म्हणाली.

"नाही," वैशाली म्हणाली, आणि तशीच मोज्यांवर आत धावली. लिंडाच्या पोटाला हात लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. अपेंडिक्स होतं. लिंडा वाचली.

गाठ शेवटी मी सोडवली. बाहेरच्या बर्फानं नाड्या ओल्या होत्या... पण गाठ कोरडी होती, आणि कोमट.

कुणी बांधली, मला आजही माहीत नाही. वैशालीनं नोकरी सोडली नाही. अजून नाड्यांचेच बूट घेते. त्याच पगारातून गेल्या महिन्यात तिनं कर्जाचा शेवटचा हप्ता भरला. सगळे पैसे फिटले.