फिक्या कल्ल्याचा रोहू

रिठदचा संघदीप आठ वर्षं खोल समुद्रातल्या बोटीवर टूना मासा पकडत होता. कोकणात त्याला कुपा म्हणतात. आपल्या मुलखात तो कोणी पाहिलाही नाही. समुद्र एक, मासा एक, पण परक्या देशांच्या बोटींचा कुपा चढ्या भावानं विमानात बसायचा अन् आपला स्वस्तात डबाबंद मासळीच्या कारखान्यात जायचा. कारण आपले लोक त्याला उन्हात तडफडत ठेवायचे. संघदीप शिकला: मासा वर येताच मारायचा, रक्त काढायचं, बर्फात घालायचा. मग त्याच्या बोटीचाही कुपा विमानात बसला.

सुट्टीत घरी आला, तर माय भागिरथा धंदा मोडायच्या बेतात. तीस वर्षं ती केनवडच्या बाजारात तलावातला रोहू विकत होती. आता बाहेरून बर्फातल्या माशांच्या पेट्या येत, गिऱ्हाईक तिकडंच वळे.

संघदीप म्हणाला, एक बाजार माझ्या हातानं होऊ दे.

आपल्याकडं मासा ओल्या पोत्यात उड्या मारत न्यायचा. उड्या मारतो म्हणजे ताजा. यानं तलावावरच एकेक रोहू डोक्यात दांडकं घालून मारला, कल्ल्यात चीर दिली, रक्त काढलं, बर्फात निजवला.

बाजारात पहिली आली रंगूबाई. आपल्या बाया कल्ला पाहून मासा घेतात. लाल असला तर ताजा. तिनं बोटानं कल्ला उचलला. पांढराफटक.

"काहून वो भागिरथे, परवाचा आनला काय?"

ती गेली, तिच्यामागं सारा बाजार गेला. भरली टोपली घरी आली.

दुसरा असता तर बायांना अडाणी म्हणून मोकळा झाला असता. संघदीप चुलीपाशी बसून स्वतःवरच हसला.

"माय, मासा बरोबर होता. गिऱ्हाईक मीच नाही वयखलं."

भागिरथेनं रस्सा चाखला, तुकडा दाबून पाहिला.

"तुकडा तर मोडून नाही राह्यला रे. आनखी एक बाजार करू."

पुढच्या बाजाराला दांडकं होतं, बर्फ होता, चीर मात्र नव्हती. रंगूबाईनं कल्ला उचलला: लाल. अंगठ्यानं पाठ दाबली. खळगा लगेच भरून आला. तिनं दोन मासे घेतले. उन्हं डोक्यावर यायच्या आत टोपली रिकामी झाली, अन् शेजारच्या पेट्या अजून भरलेल्याच.

संघदीप बोटीवर परत गेला. दांडकं आता भागिरथेच्या हातात असतं. गिऱ्हाईक वाकायच्या आधी तीच कल्ला उचलून दाखवते.