दुसरा डोळा

सूनबाई दरवर्षी घरीच शाडूचा गणपती करते. आज डोळ्यांची आखणी होती. मी समोर बसून पाहत होतो.

"बाबा, तुम्ही श्वास रोखून धरलात की माझा हात कापतो. पेपर वाचा बघू."

बारीक कुंचला टेकवून तिने एका दमात रेघ ओढली. एक डोळा उघडला, दुसरा अजून कोराच होता. तो एकटा डोळा माझ्याकडेच पाहतो आहे, असं वाटून मी अस्वस्थ झालो.

"जरा थांब. चहा घे."

"आता कसली थांबते? विचार करत बसले तर दुसरा तिरका होईल."

अर्धवट राहिलेलं कामही असंच पाहत असतं. आमच्या गल्लीत गणपतीपुढे जे गाणं म्हणतात, त्याची चाल माझी समजतात. ती माझ्या बालमित्राची, वसंताची आहे. हे लिहायला मी कितीदा बसलो. पण सुरुवात कशी करू, लोक काय म्हणतील, वसंता हसेल का, यातच अडकत गेलो. मी शब्द तोलत राहिलो आणि तिकडे वसंताने अंथरूण धरलं. आता तो माणसंही नीट ओळखत नाही.

सूनबाईने दुसरी रेघ ओढली.

मी पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहिलं, 'ती चाल वसंताची आहे.' वाक्य अगदीच साधं झालं. मी तेवढा कागद फाडून घेतला आणि चपला घातल्या.

"बाबा, कुठे निघालात? चहा टाकतेय ना."

"वसंताला वाचून दाखवतो आधी. आता कसला थांबतो?"