वासंतीनं सकाळी काय सांगितलं

पुरुषोत्तम बेलसऱ्यांना इंजिनाचं दुखणं कानानं कळायचं. सरकारी कारखान्यात इंजिनं तपासायच्या शेडमध्ये त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. कानांवर लावायला मफ मिळायचे, पण इंजिन भरात आलं की ते मफ खुशाल गळ्यात उतरवून ऐकत उभे राहायचे. बेलसऱ्यांना मीटर लागत नाही, असं बरोबरीचे लोक म्हणायचे. त्या रुबाबाचं फळ निवृत्तीनंतर पदरात पडलं. आधी दारावरची बेल ऐकू येईना, मग माणसांच्या बोलण्यातले निम्मे शब्द गळू लागले. डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावायला सांगितलं. ती चिठ्ठी त्यांनी जुन्या फायलीत सरकवली आणि घरी सांगितलं, मळ होता, काढला.

सांगणार तरी कसं? मराठी मंडळाच्या नाटकांत त्यांनी वीस वर्षं कामं केली होती. बहिऱ्या म्हाताऱ्याचं काम करून सगळं सभागृह हसवलं होतं. ते हसू ते विसरले नव्हते.

तेव्हापासून दोन वर्षं ते ओठ वाचून आणि अंदाज बांधून निभावत होते. यांचं आताशा आपल्याकडे लक्षच नसतं, असं त्यांच्या बायकोला, वासंतीला वाटायचं. एकदोनदा तिनं तसं बोलूनही दाखवलं होतं.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून बेत तिनंच काढला. हेब्बाळचं घर दोन दिवस बंद ठेवायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला बसवनगुडीत लॉजवर राहायचं, मनासारखं खायचं आणि शनिवारी संध्याकाळी पुण्याहून येणाऱ्या मंडळींचं नाटक बघायचं.

शनिवारी सकाळी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट, तव्यांची चरचर, वाढप्यांच्या हाका, या सगळ्याचा पुरुषोत्तमांच्या कानात एक गोळा झाला होता. डोसा मात्र नामी होता, कडा कुरकुरीत आणि वर लोण्याचा गोळा. ते रंगात आले. वासंती ताटलीकडे बघत काहीतरी बोलत होती. बराच वेळ बोलली. मान वर केली तेव्हाही तोंडापुढे कॉफीचा पेला होता. त्यांना एकच शब्द लागला, मंगळवार. मंगळवारी तिचं भजन असतं.

"छान," ते हसून म्हणाले. "जाऊन ये की." आणि वाढप्याकडे वळून त्यांनी कानडीत स्वल्प, म्हणजे थोडी, चटणी मागितली.

वासंतीनं पेला खाली ठेवला. तिचा अर्धा डोसा तसाच राहिला.

काहीतरी चुकलं हे त्यांना तिथंच कळलं. काय म्हणालीस, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण मग आत्ताच तर सांगितलं, असं ती म्हणाली असती आणि दोन वर्षांचं सगळंच उघडं पडलं असतं. दुपारी पानात होळिगे, म्हणजे इकडची पुरणपोळी, आली. तिच्या आवडीची, पण तिनं बोटही लावलं नाही. लॉजच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि ते खुर्चीत बसून मंगळवारचा अर्थ लावत राहिले. बहिणीकडे निघालीय? मुलीचं, मैत्रेयीचं काही? शेवटी न राहवून ते पलंगाशी गेले, तिला हाक मारली. ती वळली. डोळे लाल होते. त्यांनी चहा मागवू का, म्हणून विचारलं.

नाटकाला त्यांनी मुद्दाम तिसरी रांग घेतली होती, नटांचे ओठ दिसावेत म्हणून. पहिला अंक निभला. लोक हसले की हसायचं, टाळ्या पडल्या की वाजवायच्या. दुसऱ्या अंकात दिवे मंद झाले, रंगमंचावरची बाई पाठमोरी बोलू लागली आणि त्यांना काही कळेनासं झालं. शेजारच्या गृहस्थांचे खांदे हलताना दिसले. पुरुषोत्तम मोठ्यानं हसले.

गृहस्थांनी डोळ्यांना रुमाल लावला तेव्हा ते रडत होते हे कळलं. पुढची डोकी मागे वळली. वासंती उठून बाहेर निघून गेली.

ते मागोमाग गेले. व्हरांडा रिकामा होता.

"मूल गेलेली बाई बोलत होती आत," ती म्हणाली. "आणि तुम्हाला हसू आलं. सकाळीही हसलात."

इथं शांत होतं, ती समोर होती. शब्द न् शब्द लागला.

"वासंती, मला ऐकू आलं नाही."

"आत्ता?"

"आत्ता नाही आणि सकाळीही नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी मशीन सांगितलंय. मी लपवलं तुझ्यापासून."

ती म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय."

तिनं त्यांना बाहीला धरून दिव्याखाली ओढलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "डाव्या बाजूला छातीत गाठ आहे. मंगळवारी सुई घालून तुकडा काढणार आहेत. मला एकटीला जायची भीती वाटते."

त्यालाच आपण छान म्हणालो होतो, जाऊन ये म्हणालो होतो. पुरुषोत्तम व्हरांड्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं तीही बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून. नाटक सुटलं, लोक त्यांच्या बाजूनं उतरून गेले, तरी दोघं तिथंच होती.

मंगळवारी ते तिच्याबरोबर गेले. रिपोर्ट घ्यायलाही गेले. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क होता आणि कानाचं मशीन अजून यायचं होतं. खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर आणि नर्स उभी होती. पुरुषोत्तमांनी हात वर केला. मला कमी ऐकू येतं, म्हणाले. मास्क काढून पहिल्यापासून सांगा.

गाठ वाईट निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार सात महिने चालले. आता वासंती रोज हेब्बाळच्या तळ्याकाठी तीन फेऱ्या मारते. त्या दोन वर्षांबद्दल मात्र ती अजून कधीकधी भांडते, आणि ते ऐकून घेतात.