दुसरा ब्राउझर

बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे काका चहाला आले की बसत नसत. येरझाऱ्या घालता घालता टेबलावरचा माझा फोन उचलायचे आणि न विचारता त्यात नेहमीचा सोडून दुसरा ब्राउझर टाकायचे. "सगली एकच ब्राउझर वापराय लागली का त्या कंपनीचंच राज्य! मग आपल्याला कोन विचारतंय?" पटायचं मला, पण रागही यायचा.

उन्हाळ्यात सोसायटीने पाण्याच्या टँकरची वेळ वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. ती फक्त सगळे वापरतात त्याच ब्राउझरमध्ये उघडायची. काका सेक्रेटरीशी घसा बसेपर्यंत भांडले. उपयोग झाला नाही.

वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींकडे साधा बटणांचा फोन. टँकर येऊन गेला तरी त्यांना कळायचं नाही.

एका सकाळी काका जिन्यात उभे राहून ओरडत होते, "आजी, टँकर धा वाजता हाय, हंडे काढून ठेवा!" त्यांच्या हातातल्या फोनवर सोसायटीची वेबसाइट उघडी होती. मला पाहताच त्यांनी फोन उलटा धरला.

हल्ली काका चहाला आले की खुर्चीत बसून चहा पितात. मी माझा फोन मुद्दाम त्यांच्या पुढ्यात ठेवतो. ते हात लावत नाहीत.