नाव घेऊन मागणारा माणूस

शिबिराला निघायच्या सकाळी सगळी पोरं टेम्पोत चढून बसली की शांतवनदादा त्यांना पुन्हा खाली उतरवायचा. चर्चच्या अंगणात हात धरून गोल करायचा आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना. नुसतं नाव नाही. दाविदला गणिताचा पेपर अवघड गेलाय, सुवार्ताच्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, जॉनला गाडी लागते, वळणांवर त्याला सांभाळ प्रभू. जॉन एक डोळा उघडून हसायचा. टेम्पोचा ड्रायव्हर आमच्यातला नव्हता, तोही हळूहळू गोलात येऊन उभा राहायला लागला. एकदा म्हणाला, "दादा, माझ्या मागच्या टायरसाठी पण बोला जरा." दादाने टायरसाठीही मागितलं.

"नाव घेऊन मागावं," तो म्हणायचा. "मोघम मागितलं की देवाला पत्ता शोधत बसावं लागतं."

मी त्या शिबिरांची स्वयंपाकीण. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि चारचौघांत बोलायची सवय कधी लागलीच नाही. आमच्या प्रार्थनेच्या गोलात एक रीत आहे. पाळीपाळीने सगळे मोठ्याने प्रार्थना करतात. ज्याला करायची नसेल त्याने शेजारच्याचा हात दाबायचा, की पाळी पुढे जाते. मी इतकी वर्षं हातच दाबत आले. दादा मुद्दाम माझ्या शेजारी उभा राहायचा. हात दाबला की लगेच सुरू करायचा, माझ्यापाशी शांतता रेंगाळू द्यायचा नाही. हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं होतं.

तो मूळचा नगरकडचा. इथे एका वायरिंगवाल्याकडे कामाला आला आणि आमच्या चर्चचा तरुण संघ त्याने हातात घेतला. आला तेव्हा त्याला मासा खाता येत नव्हता. बांगड्याकडे असा बघायचा, जणू तोच ह्याला खाणार आहे. मी त्याला काटा काढायला शिकवलं. माझी मुलगी करुणा हसून म्हणायची, "दादा, लहान मुलाला भरवतात तसं आईकडून किती दिवस भरवून घेणार?" तो म्हणायचा, "तुमच्याकडे जन्मतःच काटे काढता येतात, आमच्याकडे मेथीच्या भाजीला काटे नसतात गं." करुणाला गिटार त्याने शिकवली. माझे मालक, करुणाचे वडील, आजारी पडले तेव्हा सिव्हिलमध्ये त्यांच्या उशाशी तो बसायचा, आणि ते गेल्यावर पुढचे कितीतरी दिवस संध्याकाळी कामावरून सुटला की आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. चहा प्यायचा आणि जायचा.

मिशनच्या फेऱ्यांना पोरांना घेऊन गावोगाव जायचा तेव्हाही त्याचा नियम ठरलेला. "आधी झाडू, मग गिटार." दाभोळला एका वाडीत पोरांनी विहिरीभोवतीचा कचरा काढला, पाखाडीच्या पायऱ्या झाडल्या. एक म्हातारे गृहस्थ अंगणातून बघत होते. म्हणाले, "पाद्र्याची पोरां काय रे तुम्ही? झाडता बरी." दादा म्हणाला, "आजोबा, गाणं पण बरं म्हणतो. नाही आवडलं तर पुन्हा झाडून देतो." आजोबांनी गाणं ऐकलं, मग म्हणाले, "झाडताच बरी." परत येताना टेम्पोत सगळ्यात जास्त हसला तो दादाच.

अशा माणसाला मनातलं सांगायचं नाही तर कोणाला सांगायचं.

हेदवीच्या शिबिराच्या वेळी करुणाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. चिपळूणच्या चर्चमधला अमोल. मुलगा चांगला, दोघंही एकमेकांना पसंत. शिबिर दोन्ही चर्चचं मिळून होतं, त्यामुळे तोही आला होता आणि त्याची मोठी बहीणही. करुणाला लहानपणी फिट यायच्या. औषध चालू आहे, आणि कॉलेजात गेल्यापासून एकदाही आलेली नाही. ही गोष्ट अमोलला अजून माहीत नव्हती. मी निघायच्या आधी विषय काढला, तर करुणा म्हणाली, "आई, तू नको काळजी करू. शिबिर संपलं की संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर जाणार आहोत. मी स्वतः सांगेन त्याला. माझं मी सांगितलं की त्याला कळेल कसं आहे ते."

जयगडहून फेरीबोटीत टेम्पो चढवला तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादा माझ्यासोबत कांदे चिरायला बसला. आमटीची चव घेऊन म्हणाला, "मावशी, मीठ दोनदा पडलंय. काय झालंय सांगा."

मी सांगितलं. सगळं. करुणा स्वतः सांगणार आहे, तेही सांगितलं.

त्याने सुरी खाली ठेवली. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की खरं, कोण जाणे; मला तेव्हा खरं वाटलं. "तुमची गोष्ट माझ्यापाशी राहील, मावशी," तो म्हणाला. रात्री मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

शेवटच्या सकाळची प्रार्थना किनाऱ्यावर होती. पोरं खडकांवर बसली होती, मी चहाची किटली घेऊन मागे उभी. सगळ्यांनी डोळे मिटले. दादा एकेकाचं नाव घेत होता. नोकरीसाठी, परीक्षेसाठी, कुणाच्या वडिलांची दारू सुटावी म्हणून. मग म्हणाला, "आणि प्रभू, आमची बहीण करुणा. तिला लहानपणापासून फिटचा आजार आहे, तू जाणतोस. तिच्या लग्नाच्या आड तो येऊ नये. अमोलला मोठं मन दे."

मी डोळे उघडले. एवढ्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांत करुणाचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. अमोलच्या बहिणीनेही डोळे उघडले होते, ती करुणाकडे बघत होती. दादाचे मात्र घट्ट मिटलेले. चेहऱ्यावर इतकं प्रेम होतं की बघवत नव्हतं. सगळे म्हणाले, "आमेन."

संध्याकाळी करुणा अमोलसोबत किनाऱ्यावर गेली नाही. येताना फेरीबोटीत माझ्या शेजारी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माझं होतं ते, आई."

अमोलच्या घरून निरोप आला की आधी सांगितलं असतं तर विचार केला असता. अमोलने करुणाला फोन केला. मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, म्हणाला. ती त्याला काय सांगणार. त्याच संध्याकाळी सांगणार होते, हे कोणाला खरं वाटलं असतं.

दादा घरी आला. ओट्यावर नेहमीच्या जागी बसला. मी चहा ठेवला, सवयीने.

"मावशी, मी कोणाला सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी प्रार्थनेत मागितलं."

"तिथे सगळे होते, दादा."

"म्हणून तर. दोघं-तिघं एकमनाने मागतात तेव्हा देव ऐकतो. तिथे तर सगळा संघ होता. मी तिच्यासाठीच ते केलं." मग म्हणाला, "आणि बघा, लपवून झालेलं लग्न देवालाही आवडलं नसतं."

"ती लपवत नव्हती. सांगणार होती. मी तुम्हाला म्हटलं होतं."

"बोलायला धीर झाला नसता तिला. मी तिचं ओझं हलकं केलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याने मुद्दाम दगा दिला असता तर मला सोपं गेलं असतं, रागावून मोकळी झाले असते. पण त्याला स्वतःचं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. उलट मीच विश्वासात कमी पडले, अशा मायेने तो माझ्याकडे बघत होता. चर्चमधल्या बायकाही तेच म्हणाल्या, "अगं, प्रार्थनाच तर केली त्याने. शिवी तर दिली नाही." आणि पुढच्या रविवारी एकीने करुणाच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "आता बरं आहे ना गो बाय?" करुणाने त्यानंतर तरुण संघात जाणं सोडलं. गिटार सुवार्ताला देऊन टाकली.

आता ती एका लॅबमध्ये कामाला आहे. नवीन कोणी भेटलं की पहिल्या भेटीतच सांगून टाकते, मला फिट यायच्या, औषध चालू आहे. हसत सांगते, नाव-गाव सांगावं तसं. दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी सांगायचं, एवढंच त्यात असतं. मला ते ऐकवत नाही.

यंदा दादा परत नगरला गेला. निरोपाच्या दिवशी चर्चमध्ये मोठा गोल झाला. पोरं रडत होती. जॉन तर बोलूच शकला नाही, त्यानेही हात दाबला. दादा येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, पूर्वीसारखाच. त्याच्यासाठी एकेक जण प्रार्थना करत पाळी माझ्यापर्यंत आली.

मी बोलले नाही. हातही दाबला नाही.

दादा वाट बघत राहिला. वर पंखा फिरत होता. कोणीतरी खोकलं. मी हात दाबल्याशिवाय त्याला सुरू करता येत नव्हतं, आणि सगळा गोल माझ्यापाशी अडून उभा होता. त्याचा हात हळूहळू घामेजला. त्याने हलक्या आवाजात म्हटलं, "मावशी." मी डोळे मिटलेलेच ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या गोलात लाज वाटली नाही. मग मी हात सोडला, आणि चहा ठेवायला आत गेले.

रोज सकाळी तांदूळ धुताना मी करुणासाठी मागते. कधीकधी त्याच्यासाठीही मागते, तिकडे काटे काढून द्यायला कोणी नसेल. पण कोणाचंच नाव घेत नाही, मनातसुद्धा नाही. देवाला पत्ता शोधावा लागला तर लागू दे.